वन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

ऑफिसात समोर बसलात तेव्हा मी तुम्हाला काकाच म्हणत होते, आता इथे एकदम 'प्रिय ग्राहक' म्हणणं जमणार नाही. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तक्रार अशी की 1,80,000 देणारं गिऱ्हाईक आम्ही घालवलं, वडिलांच्या दुकानाचं डॉटकॉम नाव (डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता) 95,000 ला विकायला लावलं, त्यातही 19 दिवस काढले आणि फी 3,500 सांगून 4,630 घेतले.

फीचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. 3,500 वर 18 टक्के जीएसटी धरून 4,130, आणि करारनाम्याचा स्टॅम्प 500 चा. बिलात सगळं आहे, पण बिल हातात पडेपर्यंत तुम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. 'प्लस जीएसटी' आमच्या तोंडात इतकं बसलंय की समोरच्याने ते ऐकलंच असं आम्ही धरून चालतो. गणपतीत पाच दिवस तुमचे फोन उचलले गेले नाहीत, तेही खरं. दोन्हीबद्दल माफी मागते.

1,80,000 च्या गिऱ्हाइकाबद्दल मात्र मागणार नाही.

त्या शनिवारी दुपारी तुम्ही मोबाइल माझ्यापुढे धरलात. 'पैसे टाकलेत, बँकेला सुट्टी आहे म्हणून सोमवारी दिसतील, तोवर ऑथ कोड पाठवून ठेवा,' असा त्याचा मेसेज आणि खाली एनईएफटी झाल्याचा स्क्रीनशॉट. ऑथ कोड म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, रविवारीही, दर अर्ध्या तासाला. सोमवारपर्यंत थांबायचं कारणच नव्हतं. संदर्भ क्रमांक 12 आकडी होता. तसा तो आयएमपीएसचा नाहीतर यूपीआयचा असतो, एनईएफटीचा 16 अक्षरी. आणि रक्कम लिहिली होती 180,000. आपल्याकडे लाखाचा स्वल्पविराम एकानंतर येतो. मी त्यावर बोट ठेवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'टायपिंगची चूक असेल.' असेलही. पण मग एस्क्रोतून करू म्हटल्यावर त्याने लगेच स्वतःच एक लिंक पाठवली. नाव एका प्रसिद्ध सेवेचं, फक्त मध्ये एक आडवी रेघ जास्तीची. एस्क्रो म्हणजे पैसे आधी तिसऱ्याकडे जमा होतात, नाव खरेदीदाराच्या खात्यात पोचल्याची खात्री झाली की विकणाऱ्याला मिळतात. तो तिसराच त्याच्या खिशातला असेल तर त्या सगळ्याला काय अर्थ? खऱ्या सेवेचा पत्ता आपण स्वतः टाइप करून उघडू, असं कळवल्यावर त्याचं उत्तर आलं नाही. गिऱ्हाईक गेलं ते इथे.

ऑथ कोड दिला की नाव त्याची नोंदणी असलेल्या कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येतं, तिथून तिसऱ्या देशातल्या खात्यात. मग परत मिळवायला महिने जातात, तेही मिळालं तर.

आता 19 दिवस. आमच्याकडे यायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही डोमेनच्या खात्यातलं मालकाचं नाव बदलून वडिलांच्या जागी स्वतःचं केलंत. हेतू चांगला, पण डॉटकॉमला मालक बदलला की 60 दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. काही कंपन्या बदल करण्याआधी 'हे कुलूप नको' असा पर्याय देतात, तो तुमच्याकडून निसटला. वाट एकच उरली, खरेदीदाराने त्याच कंपनीत खातं उघडायचं आणि नाव आतल्या आत सरकवायचं. नाव शेवटी ज्यांनी घेतलं त्या कल्याणच्या केटरिंगवाल्यांना हे पटवण्यात आठवडा गेला. त्यांना वाटलं आपणच त्यांना गंडवतोय. त्यांचंही बरोबरच म्हणा.

उरलेला वेळ मेलमध्ये गेला, आणि त्याचा तुमच्या रिव्ह्यूत उल्लेखच नाही. दुकानाच्या नावाचा मेल तुम्ही कुठे कुठे दिलाय, हे विचारल्यावर 'कुठेच नाही' म्हणालात. शोधल्यावर सहा ठिकाणं निघाली. कुठली ते इथे लिहीत नाही, पण त्यात पैशाची होती. डोमेन ज्याचं, त्याच्या नावाचा मेलही त्याचा. नवा मालक तोच पत्ता पुन्हा चालू करून कुठेही 'पासवर्ड विसरलात?' दाबू शकतो आणि लिंक त्याच्याकडे जाते. केटरिंगवाले तसं करतील असं मी म्हणत नाही, पण पुढे ते कुणाला विकतील? आणि सर्वात कहर म्हणजे तुमच्या डोमेनच्या खात्याचाच रिकव्हरी मेल त्याच डोमेनवर होता. नाव गेल्यावर तुम्ही स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहिला असतात.

95,000 कमी वाटतात, मान्य. आणखी थांबलो असतो तर कदाचित जास्त आले असते, हा वाद तुम्ही घालू शकता. पण ते पैसे तुम्ही तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये, आमच्या नौपाड्यातल्या टेबलावर, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत आणि मगच बटण दाबलंत. समोरच्याच्या मोबाइलमधला फोटो बघून नाही. दोघं एका टेबलाशी बसू शकत होतात म्हणून इथे एस्क्रो लागला नाही.

स्टॅम्पचे 500 आम्ही सोसतो, आज तुमच्या त्याच बँक खात्यात पाठवले आहेत. जीएसटी सरकारजमा झाला, तो परत देता येणार नाही. केटरिंगवाल्यांनी जुना मेल महिनाभर तुमच्याकडे वळवून ठेवायचं करारात कबूल केलंय, तेवढ्यात सातवं ठिकाण आठवलं तर कळवा. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. 500 रुपयांसाठी कुणी आमच्या नावाने फोन करून पिन मागितला तर फोन ठेवा आणि 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा.