एरर गिळणाऱ्यांनो, या एकदा सौद्याच्या दिवशी!

लिहिलंय दुसऱ्यानं आणि शिव्या खातोय मी. सांगली मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ऐन सीझनमध्ये दिवाणजींचा फोन, "पट्टीत हमाली शून्य आलीया." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब. सगळ्यांच्या पट्टीत नाही, मधूनच एखाद्याच्या. शेतकरी पट्टी घेऊन गावाला गेलेला, हमाल पैशासाठी दारात. लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, उघडला तर आत एकच ओळ: "एरर आली". कुठल्या पट्टीत, कुठल्या रकान्यात, किती वाजता? काही नाही. मग ही ओळ तरी कशाला लिहिलीस बाबा?

रात्रभर कोड उपसल्यावर सापडलं. फुटकं पोतं वेगळं दिसावं म्हणून दिवाणजी पोत्यांच्या रकान्यात '४२+१' टाईप करायचे. त्याचा आकडा होईना, तर कोड लिहिणाऱ्या महाशयांनी कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडायच्या जागी, गुपचूप शून्य परत पाठवलेलं. पोती शून्य, म्हणून हमालीही शून्य. वजन काट्यावरून वेगळं येतं, त्यामुळं बाकी पट्टी एकदम सोज्वळ! चूक एका स्क्रीनवर, बोंब तिसऱ्या स्क्रीनवर.

त्याला विचारलं तर म्हणतो, "प्रोग्राम बंद पडू नये म्हणून केलंय." अरे पडू दे की बंद! फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्यात जाड तार घालणारा वायरमन आणि तू, दोघं एकाच माळेचे मणी.

आणि हे फक्त हमालीपुरतं नसतं. थेराक-२५ या रेडिएशनच्या मशीनवर नुसतं 'मालफंक्शन ५४' असं यायचं. म्हणजे काय, ते ऑपरेटरला कळायला मार्ग नाही. असले मेसेज रोजचेच, म्हणून ते बटण दाबून पुढं जायचे. १९८५ ते १९८७ मध्ये किमान सहा रुग्णांना बेसुमार डोस बसला, काहींचा जीव गेला.

मी मागतोय तरी काय? आकडा नसेल तर रकान्यातच अडवा. काय टाईप केलं होतं ते पट्टी नंबरासकट लॉगमध्ये लिहा. पोती शून्य आणि वजन दोन हजार किलो असेल तर पट्टी छापूच नका! चार ओळींचं काम आहे, मर्दा.

ते आता मीच केलंय. '४२+१' टाकलं की लाल अक्षरात अडवतं. तर काल मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही हात लावल्यापासनं एरर लई वाढल्यात बघा. आधीचा पोरगा बरा होता."