काका घरीच तर असतात ना, मॅडम!

"काका घरीच तर असतात ना, मॅडम. मग टाइम कशाला फिक्स करायचा? पार्टी आली की आणतो."

आज सकाळी घरं विकून देणाऱ्या एका एजंटाने मला हे फोनवर ऐकवलं. पार्टी म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक. ऑफिसला निघायची घाई होती, तेव्हा काही न बोलता फोन ठेवला. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. आता जेवणं आटोपून बसलेय. हे लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

डोंबिवली पूर्वेचा आईबाबांचा वन बीएचके आम्ही विकायला काढलाय. 1986 साली घेतलेलं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाबा 78 वर्षांचे आहेत. दोघांना पुण्याला माझ्याजवळ आणायचं, असं घरात सगळ्यांनी बसून ठरवलं. दादा न्यू जर्सीला, मी कोथरूडला. त्यामुळे फोन येतात मला, आणि दार उघडावं लागतं त्या दोघांना.

गेल्या रविवारी याच एजंटाने साडेअकराची वेळ दिली होती. त्यानेच दिली, आम्ही मागितली नव्हती. आईने सकाळी उठून ओटा घासून काढला, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे ओलेच आत घेतले. लोक येणार, घरात फोडणीचा वास नको, म्हणून स्वयंपाक मागे ठेवला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत घालून टीपॉयवर ठेवलं आणि खुर्ची दाराच्या दिशेने वळवून बसले. बाबांची मधुमेहाची गोळी जेवणाआधीची असते. ती त्यांनी नेहमीच्या वेळेला घेतली. लोक दहा मिनिटांत घर बघून जातील, मग जेवू, असा त्यांचा हिशोब.

बाराला एजंटाचा फोन आला. "काका, ठाकुर्लीच्या ब्रिजवर आहोत, पाच मिनिटांत पोचतो." त्यानंतर फोन नाही. बाबांनी केला तर उचलला नाही. एक वाजता आई म्हणाली, तुम्ही तरी चार घास खाऊन घ्या. बाबा म्हणाले, लोक दारात यायचे आणि आपण ताटावर बसलेलो, बरं दिसतं का ते? दीडच्या पुढे त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आईला गुडघ्यामुळे पटकन उठता येत नाही, तिने बसल्या जागेवरून शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या धावत आल्या, साखरपाणी दिलं, बाबा सावरले. वहिनी नसत्या तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. करवत नाही.

पार्टी आलीच नाही.

सोमवारी मी एजंटाला फोन केला. तो काय म्हणाला असेल? पार्टी आली होती, पण लिफ्ट नाही म्हटल्यावर खालूनच परत गेली. अहो, जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहिलंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही! ते तुम्ही पार्टीला सांगितलं नव्हतं. बरं, नाही सांगितलं. खालून परत जाताना "काका, ते लोक येत नाहीत, तुम्ही जेवून घ्या" एवढं फोनवर सांगायला किती वेळ लागतो? आणि त्याच माणसाने आज मला सांगावं की काका घरीच तर असतात!

हो, असतात घरी. चाळीस वर्षं नोकरी केली, सकाळची लोकल पकडून भांडुपला कंपनीत गेले, दोन पोरांची शिक्षणं केली आणि आता घरी असतात. म्हणून त्यांचा वेळ काय रस्त्यावर पडलाय, कोणीही यावं आणि उचलून न्यावा? त्यांच्या जेवणाच्या वेळा आहेत, औषधांच्या वेळा आहेत, दुपारी तासभर आडवं व्हायची सवय आहे. आईची फिजिओथेरपिस्ट येते. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ते भरायचं असतं. ते घर अजून विकलेलं नाही. दोन माणसं तिथे राहताहेत.

आणि जे येतात त्यांच्याही तऱ्हा. एक जण व्हिडिओ कॉल लावूनच आत शिरला, गावाकडच्या भावाला आमचं देवघर, आमचं बाथरूम, पलंगावर पाय लांब करून बसलेली माझी आई, सगळं दाखवत फिरला. दुसऱ्या एका बाईंनी आईचं कपाट उघडून बघितलं. विचारलं नाही, उघडलं. भिंतीतलं कपाट आहे, मान्य, घराबरोबर ते जाणार. पण आत आईच्या साड्या आहेत ना अजून! एजंट शेजारी उभा राहून मोबाईल बघत होता. पार्टीला घर कसं बघायचं ते सांगणं हे त्याचं काम नाही का?

एजंटांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. उन्हातान्हात बाइकवर फिरायचं, पेट्रोल स्वतःचं, आणि व्यवहार झाला नाही तर हातात शून्य. घर एकाकडून बघायचं आणि त्याला वगळून मालकाशी परस्पर सौदा करायचा, असे महाभाग आपल्यात आहेतच. ठीक आहे. पण म्हणून एक फोन करायचा नाही?

50 लाखांच्या घरावर 2 टक्के म्हटले तरी 1 लाख रुपये होतात, आणि घेणाऱ्याकडून वेगळे. या पैशांत नक्की काय मिळतं? घर बघायला माणूस कुठूनही मिळतो आता, मोबाईलवर जाहिरात टाकली की मिळतो. दोन अनोळखी कुटुंबांची वेळ जुळवणं, कोणाला काय हवंय ते आधीच विचारून घेणं, नको त्याला तीन जिने चढायला न लावणं, हेच तर खरं काम आहे. तेच करायचं नसेल तर ब्रोकरेज कशाचं? 2023 मध्ये महारेराने, म्हणजे बांधकाम व्यवसायावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, फार चांगलं केलं. पण ते सगळं रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांमध्ये व्यवहार करणाऱ्यांसाठी. 1986 च्या बिल्डिंगमधला रिसेल त्यात बसत नाही. म्हणजे आमच्या दारात येणाऱ्याने ती परीक्षा दिलेली असेलच असं नाही.

घेणाऱ्यांनाही मला एक सांगायचंय. तुमची धावपळ मी समजू शकते. आठवडाभर नोकरी, हातात एक रविवार, त्यातही सेंट्रलचा मेगाब्लॉक. घाटकोपरहून डोंबिवली गाठायची म्हणजे दिवस जातो. पण तो मेगाब्लॉकसुद्धा रेल्वे आदल्या दिवशी जाहीर करते! किती ते किती, कुठून कुठे, सगळं पेपरात येतं. तुमचा बेत बदलला तर आम्हालाही तेवढं कळवा की. घर आवडलं नाही तर स्पष्ट नाही म्हणा, आम्हाला राग नाही. तुम्ही आयुष्याची पुंजी घालणार, वर स्टॅम्प ड्युटी, 30 हजारांपर्यंत नोंदणी फी, बँकेच्या खेपा. दहा घरं बघा, वीस बघा. तो तुमचा हक्कच आहे.

आणि विकणारे सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असंही नाही. पार्टी विरारहून निघाली की "आज पाहुणे आलेत, पुढच्या रविवारी या" म्हणणारे आहेत. टोकन द्यायच्या दिवशी भाव वाढवणारे आहेत. भाड्याने दिलेलं घर विकायला काढून भाडेकरूला न सांगता एजंटाला चावी देणारे तर फार आहेत. इथे कोथरूडलाच माझी एक मैत्रीण अंघोळ करून बाहेर आली तर हॉलमध्ये तीन अनोळखी माणसं उभी होती, भिंतीतली ओल बघत. लिव्ह अँड लायसन्सचा करार अजून पाच महिने बाकी होता तिचा. मालकाला विचारलं तर म्हणाला, घर माझंच आहे ना. काय बोलणार!

पण चांगलीही माणसं भेटली, ते सांगायला हवं. दिवा की मुंब्र्याला भाड्याने राहणारं एक तरुण जोडपं होतं. त्या मुलीने आदल्या दिवशी स्वतः फोन केला. "काकू, उद्या पाचला आलो तर चालेल का? तुमची झोपायची वेळ नाही ना?" पाचला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. चपला बाहेर काढल्या. बेडरूमच्या दाराशी थांबून विचारलं, आत येऊ का? आईशी स्वयंपाकघरात बोलत बसली ती, पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात कुठली भिंत गळते, खाली भाजीवाला बसतो का. आईने पण सगळं खरं सांगितलं, गळणारी भिंतसुद्धा दाखवली. बाबांनी पिशवीतला एकेक कागद काढून त्या मुलाला समजावला. व्यवहार झाला नाही, इमारत जुनी म्हणून बँकेने कर्ज फार कमी बसवलं. ते सांगायलाही तिने फोन केला. आई त्या दिवशी मला म्हणाली, त्यांनाच गेलं असतं घर तर बरं वाटलं असतं गं. आपलं घर कोण घेणार, त्याच्या हातात आपण काय देतोय, हे तिच्या मनात चालू असतं. पैशांचं ती विचारतसुद्धा नाही.

दादा सांगतो, तिकडे एजंट आधी वेळ मागतात, तुम्ही हो म्हटलं तरच लोक येतात. घरमालक तेवढा वेळ बाहेर जाऊन बसतो आणि चावी दारावरच्या पेटीत. 2024 च्या ऑगस्टपासून तर घर बघायच्या आधी घेणाऱ्याला त्याच्या एजंटाशी लेखी करार करावा लागतो म्हणे. असेल. मला यातलं काही नकोय. माझ्या आईला तीन जिने उतरवून मी कुठे बाहेर बसवू? मला पेटी नको, ॲप नको. आदल्या दिवशी एक फोन आणि येणार नसाल तर दुसरा फोन, एवढंच मागतेय.

तर आजपासून आमच्या घराचं असं ठरलंय. घर बघायला शनिवारी आणि रविवारी, संध्याकाळी पाच ते सात. दुपारी कोणीही नाही. आदल्या रात्रीपर्यंत माझ्याशी बोलून वेळ ठरवायची, बाबांना परस्पर फोन करायचा नाही. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, हे पार्टीला आधी सांगायचं. व्हिडिओ काढायचा तर आईला विचारून, कपाटं उघडायची तर विचारून. वेळ देऊन न कळवता जो येणार नाही, त्याला पुन्हा वेळ मिळणार नाही, मग त्याच्याकडे कॅश घेऊन पार्टी उभी असली तरी.

बाबा म्हणतात, एवढ्या अटी घातल्या तर घर विकलं जायचं नाही. पितृपक्षात तसंही कोणी घर बघायला फिरकत नाही, त्याआधी उरकून टाकू, थोडं सांभाळून घे. मी नाही सांभाळून घेणार. दसऱ्याला विकू, नाहीतर पाडव्याला विकू. तोवर दर शनिवार-रविवारी मी स्वतः डोंबिवलीला जाऊन थांबेन.

माझ्या यादीत या व्यवसायातली मंडळी आहेत, मला माहीत आहे. वरच्या वेळा ज्यांना पाळता येतील त्यांनी इनबॉक्समध्ये नंबर टाका. ब्रोकरेज ठरलेलं पूर्ण देऊ, एका रुपयाची घासाघीस करणार नाही.