पराग चांगलाच, पण चमचा केवढा?

ग्वाल्हेरची थंडी सरली की आमच्या आत्याला एखादं नवं औषध सापडतं. यंदा बी पोलन, म्हणजे मधमाश्यांनी फुलांतून वेचलेला पराग. आधी ग्रुपवर फिरत फिरत मजकूर आला: "मधमाशीचा पराग म्हणजे एकमेव परिपूर्ण अन्न. अंडी, मांस, पनीरच्या ५ ते ७ पट प्रथिनं. बी-१२ सकट सगळी जीवनसत्त्वं. राणीमाशी यावरच ५ वर्षं जगते. अ‍ॅलर्जी मुळापासून जाते, प्रोस्टेट आणि कॅन्सरवर रामबाण. नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य." चार दिवसांत आत्याच्या ओट्यावर बरणी हजर. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून "खरं का रे?" माझ्या वाट्याला.

आधी प्रथिनं. १०० ग्रॅम पनीरमध्ये ती साधारण १८ ग्रॅम. त्याच्या ७ पट म्हणजे १२६. शंभर ग्रॅममध्ये सव्वाशे ग्रॅम कोंबून दाखवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. परागात प्रथिनं असतात, चांगली असतात. फुलागणिक १० ते ४० टक्के, सरासरी विशीच्या आसपास. पण खायचा किती? चमचाभर, ५ ग्रॅम. म्हणजे प्रथिन एक ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यात सात मिळतं.

आणि तो चमचाही सगळा अंगी लागत नाही. मुरैन्याकडे हिवाळ्यात सरसोंच्या शेतांच्या कडेनं मधमाश्यांच्या पेट्यांच्या रांगा लागतात. परागासाठी पेटीच्या तोंडाशी जाळी बसवतात. माशी अंग चोरून आत शिरते तेव्हा तिच्या मागच्या पायांवरच्या गोळ्या खालच्या ट्रेमध्ये गळून पडतात. आत्याच्या बरणीतली एक पिवळी गोळी मी रात्रभर पाण्यात भिजवली आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कण बहुतेक एकाच ठशाचे, तीन खाचा, वर जाळीदार नक्षी: सरसोंच्या कुळातले. कवचं मात्र जशीच्या तशी. हे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं आणि ते आम्लाला दाद देत नाही. लाखो वर्षांच्या गाळातून आम्ही परागकण ओळखतो ते त्याच्याच जोरावर. त्यापुढे आत्याच्या पोटातलं आम्ल ते काय! खाचांमधून आतला माल थोडाफार पाझरतो, बाकीचा आला तसा जातो. माश्यासुद्धा पराग तसाच साठवत नाहीत. मध आणि लाळ मिसळून पोळ्याच्या घरात दाबून भरतात, तिथे तो हलकासा आंबतो.

राणीची गोष्ट तर चक्क उलटी. तिला भरवतात ती रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांच्या ग्रंथींचा स्राव. तो तयार व्हावा म्हणून पराग खातात त्या कामकरी, आणि ऐन हंगामात त्या जगतात जेमतेम दीड महिना. दीर्घायुष्याचा दाखला यातल्या कुणाचा द्यायचा?

बी-१२ वनस्पती बनवतच नाहीत, ते काम जिवाणूंचं. परागाच्या भरवशावर आत्यानं डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. भांडून सुरू करायला लावल्या.

फ्लेव्होनॉइड आणि कॅरोटिनॉइड या वनस्पतींतल्या द्रव्यांबद्दल कुणी बोललं तर मी मान डोलावेन. ती परागात आहेत, आणि प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरण आणि सूज रोखताना दिसतात. पण काचेच्या बशीतल्या पेशींवरून माणसाचा कॅन्सर बरा करायचा ही उडी फार लांबची. प्रोस्टेटच्या दाव्याला थोडं मूळ आहे: राय या तृणधान्याच्या परागाचा प्रमाणित अर्क देऊन माणसांवर चाचण्या झाल्या, प्रोस्टेटच्या जुनाट दुखण्यात काही रुग्णांना आराम पडला. मात्र तो पराग यंत्रानं गोळा केलेला. माशीचा त्यात हात नाही, पायही नाही.

अ‍ॅलर्जीचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. शिंका आणतो तो बहुतेक वाऱ्यावर उडणारा, गवताबिवताचा पराग. माशी वेचते तो मुख्यतः फुलांतला जड, चिकट. अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणून डॉक्टर नेमक्या परागाचा डोस मोजून महिनोन्‌महिने वाढवत नेतात, त्याचा या चमच्याशी काही संबंध नाही. गाजरगवतानं ज्यांना त्रास होतो त्यांनी तर जपावंच, कारण त्याच कुळातल्या सूर्यफुला-झेंडूचा पराग गोळीत असू शकतो. पराग खाल्ल्यावर घसा सुजून श्वास अडकल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, त्याही पहिल्याच चमच्याला. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्याचं रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याचीही नोंद आहे. हा "शून्य अपाय".

शेवटी ओल. ताज्या परागात २० ते ३० टक्के पाणी असतं, तो मंद आचेवर नीट वाळवला नाही तर बुरशी धरतो. आत्याच्या बरणीच्या तळाशी गोळ्यांचा लगदा झाला होता आणि झाकण उघडताच कुबट वास आला. म्हटलं, टाकून दे.

"नऊशे रुपये मोजलेत रे," म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवली.