जांबोटीचे पाच गुंठे आणि फॉरवर्डमधला कायदा

वर्षभरात तो मेसेज माझ्याकडे निदान चार ग्रुपांतून आला. परवा पुण्याच्या भाच्याने तोच पाठवून विचारले, "मामा, घेऊन टाकू का?" मजकूर थोडक्यात असा: २०२० पासून कर्नाटकात कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात डोंगरातली जागा, ५ गुंठ्यांपासून. फार्महाऊसला परवानगी लागत नाही, स्विमिंग पूलसुद्धा बांधा. चंदगड-तिलारीकडेही हाच नियम. चोर्ला रस्ता मोठा होतोय, पाच वर्षांत दामदुप्पट.

पहिले वाक्य खरे आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. १९६१ च्या भूसुधारणा कायद्यात ७९-ए आणि ७९-बी अशी दोन कलमे होती. बाहेरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेले की शेतजमीन घेता येत नसे, आणि शेतकरी नसलेल्याला तर नाहीच. २०२० मध्ये दोन्ही गेली, तीही १९७४ पासून मागे जाऊन. त्यामुळे 'तू शेतकरी आहेस का' एवढा एकच प्रश्न मिटला. जमीन कसली, कुणाची, तिच्यावर काय करणार, हे प्रश्न होते तिथेच आहेत.

कसली, ते उताऱ्यावर दिसते. आपल्याकडे या उताऱ्याला आरटीसी म्हणतात, ती कन्नडमध्ये निघते, आणि पुण्याचा माणूस ती हातात घेऊन नुसते क्षेत्र बघतो, कारण आकडे तेवढे वाचता येतात. (आमच्यातल्याही किती जणांना येते वाचता, ते सोडा.) मालकाचे नाव नवव्या रकान्यात असते. वाचून घ्यायचा तो अकरावा: इतर हक्क आणि ऋणे. सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, सरकारने दिलेल्या जमिनीची अट, जे काही नोंदले गेले असेल ते तिथे सापडते. या शेवटच्या प्रकाराला हलके घेऊ नका. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने तर ती परत मागायला मुदतीची आडकाठीही ठेवली नाही. मधल्या काळात ती चार हातांतून फिरली असली तरी परत जाऊ शकते, आणि रिकामा राहतो तो शेवटचा हात.

आता ते '५ गुंठ्यांपासून'. फेब्रुवारीत एका ओळखीच्या कुटुंबासाठी असाच प्लॉट बघायला मी गेलो होतो. लाल मातीवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा, कोपऱ्यात रंगवलेले दगड, मध्ये छत्री लावून टेबल. एकूण आठ एकरांचा एकच सर्व्हे नंबर, उताऱ्यावर पाच भावांची सामाईक नावे आणि बहिणींचे एकही नाव नाही. सर्व्हे नंबरातला तुकडा रीतसर विकायचा तर भूमापन खात्याचा ११-ई नकाशा लागतो. तो मागितला तर उत्तर आले, "ते नंतर होतं हो, आधी संचकार करू." संचकारपत्र म्हणजे विसार देऊन केलेला करार. त्याने जमीन तुमची होत नाही. वटमुखत्यारपत्र जोडून दिले तरी होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. नोंदणी झालेले खरेदीपत्र आणि त्यामागून उताऱ्यावर चढलेले नाव, याला पर्याय नाही. बहिणींचे म्हणाल तर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हिस्सा आहे. पाचही भावांनी हसत सह्या केल्या तरी धारवाडला दिलेली बहीण उद्या दावा लावू शकते, आणि तिचे चूक नसेल.

फार्महाऊसला परवानगी लागत नाही, हे अर्धे खरे. १९६४ च्या भूमहसूल कायद्याचे कलम ९५ शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधू देते, पण धारण क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंतच. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. त्याचे दहा टक्के ५४४. त्यात पूल बसवायचा की स्वयंपाकघर, ते मेसेजवाल्यालाच विचारा. खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर तो शेतीचा वापर उरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडून एन.ए., म्हणजे बिगरशेती, करून घ्यावे लागते.

आणि खानापूर तालुका म्हणजे रान. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. अभयारण्याबाहेर असलात म्हणून सुटलात असेही नाही. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार जंगल कुणाच्याही मालकीचे असो, ते जंगलच. झाडे तोडायला १९७६ च्या कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. उलट बाजूची अफवाही खोटी आहे: 'कस्तुरीरंगनमुळे तिकडे वीटसुद्धा रचता येणार नाही'. पश्चिम घाटाबद्दलच्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावरून केंद्राने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या मसुद्यातली बांधकामबंदी २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना आहे, आणि त्याच सप्टेंबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने तो अहवालच नाकारला.

चंदगड-तिलारीकडेही हाच नियम? साफ खोटे. शिनोळीची वेस ओलांडली की महाराष्ट्र, आणि तिथे १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ जागेवर आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकातल्या दुरुस्तीने कोल्हापूर जिल्ह्याचा कायदा कसा बदलेल?

दामदुप्पटीबद्दल काय बोलायचे! दुप्पट होईलही, पण विकताना पुढचा गिऱ्हाईक हाच उतारा मागणार.

तो फेब्रुवारीतला प्लॉट मी जुलैत पुन्हा पाहिला, कणकुंबीहून परत येताना. फक्की पहिल्याच पावसात गेलेली, टेबलाच्या जागी गुडघाभर गवत, आणि वाटेवरच्या ओढ्यात गाडी घालायची हिंमत झाली नाही. ओढ्यापलीकडे जायला दुसरी वाट नाही, आणि ही वाटसुद्धा कुणाच्या तरी शेतातून जाते.

भाच्याला सांगितले, एजंटाकडून फक्त सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मागून घे, बाकीचे मी बघतो. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: "मामा, त्याने लोकेशन पाठवलंय."