लाख आरपीएम कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण ती गिअरबॉक्समध्ये हात घातलेल्या माणसाची आहे हे लगेच कळतं. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप दोन. फ्युएल सेलला (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या सेलला) हवा पुरवणाऱ्या काँप्रेसरसाठी लाख आरपीएमची, म्हणजे मिनिटाला लाख फेऱ्यांची, मोटर करणं ही नुसती हौस आहे; 15,000ची साधी मोटर घेऊन पुढे सातपट गिअर लावला की भागतं. आणि एअर बेअरिंग शहरातल्या बसमध्ये टिकणार नाही.

लाखाचा आकडा मोटरवाल्यांनी काढलेला नाही, तो हवेमुळे आला आहे. 100 किलोवॅटच्या स्टॅकला (एकावर एक रचलेल्या सेलच्या संचाला) सेकंदाला साधारण 110 ग्रॅम हवा लागते, तीही अडीचपट दाबाने. एकाच टप्प्यात एवढा दाब चढवायचा तर इंपेलरच्या (हवा ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) कडेचा वेग सेकंदाला 400 मीटरच्या आसपास हवा. 80 मिलिमीटरचा इंपेलर धरा, गणित लाखाजवळ येतं. 15,000वर हेच करायचं तर व्यास अर्ध्या मीटरच्या वर जातो.

तुमच्या गिअरने इंपेलर लाखावर फिरेलच. पण गिअर आला की तेल आलं, तेलामागे सील आलं, आणि सील आज ना उद्या झिरपतं. टर्बोचार्जरमधून निसटलेलं थोडं तेल इंजिन जाळून टाकतं. इथे ते हवेबरोबर थेट सेलमध्ये जातं आणि रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्लॅटिनमच्या थरावर बसतं. फॉइल (पातळ पत्र्याचं) एअर बेअरिंग निवडतात ते यासाठी. त्यात शाफ्ट स्वतःच ओढून घेतलेल्या हवेच्या पातळ थरावर तरंगतो.

खरी कसोटी रोटरची, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाची आहे. 30 मिलिमीटर व्यासाच्या रोटरवर लाख आरपीएमला पृष्ठभागावरचा एक ग्रॅमसुद्धा 165 किलोच्या वर जोराने बाहेर ओढतो. रोटरमधलं निओडिमियमचं चुंबक दाब सोसतं, ताण नाही. म्हणून त्यावर इनकोनेलची (निकेलच्या मिश्रधातूची) किंवा कार्बन फायबरची स्लीव्ह घट्ट बसवून ते आधीच दाबात ठेवावं लागतं. इनकोनेलमध्ये एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह) फिरतात आणि ते तापतं. कार्बन फायबरमध्ये ते कमी, पण आतली उष्णता बाहेर यायला वाट राहत नाही. त्यात मोटरला एसी वीज देणाऱ्या इन्व्हर्टरची भर: दोन पोलच्या मोटरची मूळ फ्रिक्वेन्सीच 1,667 हर्ट्झ, म्हणजे 20 किलोहर्ट्झच्या स्विचिंगला (सेकंदाला 20 हजार वेळा वीज चालू-बंद करण्याला) एका आवर्तनात जेमतेम बारा पल्स मिळतात. करंट खडबडीत होतो आणि त्याची झळ रोटरला बसते. स्टेटरला (मोटरच्या स्थिर भागाला) पाण्याचं जॅकेट देता येतं, रोटरला नाही. म्हणून इथे एकूण कार्यक्षमतेच्या टक्क्यापेक्षा तोटा नेमका कुठे होतो याकडे मी आधी बघतो. स्टेटरमधले 200 वॅट चालतील, रोटरमधले 200 चुंबकाच्या जिवावर उठतील.

दुसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. फॉइल बेअरिंग झिजतं ते सुरू होताना आणि थांबताना, शाफ्ट तरंगायच्या आधी. सिग्नलला थांबणाऱ्या बसमध्ये दर वेळी काँप्रेसर बंद केला तर फॉइलवरचा लेप फार टिकणार नाही. म्हणून तो तरंगण्याच्या वेगाच्या थोडा वर फिरता ठेवायचा आणि चढउतार बॅटरीवर सोडायचे. यात थोडी वीज जाते, पण बेअरिंग वाचतं.

तुमच्या पाहण्यात एवढ्या वेगाला तेलाशिवाय चालणारा गिअर असेल तर जरूर लिहा. त्याचं वंगण काय आणि तो किती तास चालला, हे कळलं तर मला हवंच आहे.