हनोईची रात्रीची गाडी आणि ठाण्याच्या ताईंचा राग

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागावून लिहिलेली आहे, पण तिच्यातला एकही मुद्दा उडवून लावावा असा नाही. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्यापेक्षा सविस्तर उत्तर देते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेकीची दहावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये आम्ही दोघी सात रात्रींसाठी व्हिएतनामला गेलो. हनोईहून रात्रीच्या गाडीनं हुए, तिथून दिवसाच्या गाडीनं दा नांग, शेवटी होई आन. मथळा दिला होता, ‘पन्नास हजारांत परदेश, तोही रेल्वेनं’. त्यावर ताई म्हणतात की विमान जवळपास तेवढ्याच पैशांत सव्वा तासात नेतं, मग यात बजेट कसलं? पंधरा वर्षांच्या मुलीला परक्या देशात अनोळखी माणसांसोबत एका डब्यात झोपवणं हा बेजबाबदारपणा आहे. आणि गाडीची हौस आईची, मुलीला विचारलं तरी होतं का? दिवाळीत मुलाला घेऊन जायचा त्यांचा बेत होता, तो लेख वाचून डळमळला, असंही त्या लिहितात.

पैशांचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. दोघींचा तिथला खर्च ५१ हजार झाला: ई-व्हिसा, गाड्या, राहणं, खाणं, टॅक्सी, प्रवेश तिकिटं आणि दा नांगहून हनोईला परत येतानाचं विमान. हो, परत आम्हीही विमानानंच आलो आणि ते मी ओझरतं लिहून पुढे गेले. मुंबई–हनोई जाण्यायेण्याचे दोघींचे ४६ हजार त्यात धरलेच नव्हते. ते मथळ्यातच यायला हवं होतं. मथळा आजच बदलते आहे.

आता रात्रीच्या गाडीचा हिशेब. चार बर्थच्या एसी डब्यात एका बर्थला साधारण १० लाख डाँग पडले. रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, म्हणजे साडेतीन हजार रुपये. पंधरा वर्षांच्या मुलीला पूर्ण तिकीट पडतं, सवलत नाही. विमानाचं स्वस्तातलं तिकीटही त्याच घरात होतं. गाडीमुळे हॉटेलची एक रात्र आणि विमानतळाची टॅक्सी वाचली, म्हणजे दोघींचे मिळून दोन-अडीच हजार. एवढ्यासाठी कुणी तेरा-चौदा तास गाडीत बसा, असं मी म्हणणार नाही. सहा बर्थचा डबा घेतला असता तर आणखी थोडे वाचले असते, पण तिथे सगळ्यात वरच्या बर्थवर नीट बसताही येत नाही.

सुरक्षिततेबद्दल तुमची काळजी मला समजते. जाण्याआधी चार रात्री मीही त्याच विचारानं जागी होते. डब्याला दार असतं आणि त्याला आतून कडी असते. आमच्यासोबत एक आजी आणि त्यांचा नातू होता. बोगीच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतो, तिथून आजींनी नूडल्सच्या वाटीत पाणी आणलं आणि पहिली वाटी लेकीपुढे सरकवली. ती शाकाहारी. तिनं आधीच पाठ करून ठेवलेले ‘आन चाय’ हे दोन शब्द उच्चारले, म्हणजे शाकाहारी जेवण. आजींनी पाकीट उलटंपालटं करून वाचलं, मान हलवली आणि वाटी मागे घेऊन दोन केळी दिली. हे आमचं नशीब होतं हे मला मान्य आहे. त्या जागी दोन पुरुष असते तर मी रात्रभर टक्क जागी राहिले असते. ज्यांना ही धाकधूक नको त्यांनी चारही बर्थ घ्यावेत किंवा हुएपर्यंत विमानानं जाऊन फक्त हुए–दा नांग ही दिवसाची गाडी धरावी. हा पर्याय मी लेखात द्यायला हवा होता.

‘मुलीला विचारलं होतं का’ हा तुमचा प्रश्न मात्र मला जरा लागला. विचारलं होतं, आणि तिचं पहिलं उत्तर ‘नको’ असंच होतं. तिला मैत्रिणीसारखं सिंगापूरला जायचं होतं. मग मी तिच्या हातात नकाशा दिला आणि सांगितलं की दिवस सात, पैसे इतके, रूळ कुठून जातात ते बघ आणि कुठे चढायचं, कुठे उतरायचं ते तू ठरव. हनोई ते सायगाव (आजचं हो ची मिन्ह सिटी) हे सगळं १,७२६ किलोमीटर करायचं माझ्या मनात होतं. तिनंच ते खोडलं. तीस तासांहून जास्त गाडीतच गेले तर बघणार काय, असं म्हणाली. हुएला उतरायचं तिनं ठरवलं, कारण वाचता वाचता तिला १९५४ सापडलं होतं.

त्या साली व्हिएतनामची फाळणी झाली. सतराव्या अक्षांशाजवळ बेन हाय नावाची नदी आहे, ती सीमा ठरली. फ्रेंचांनी १९३६ मध्ये पुरी केलेली ही रेल्वे तिथेच तुटली. युद्ध १९७५ मध्ये संपलं आणि पूल, रूळ दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर १९७६ ला हनोईहून सायगावकडे पुन्हा गाडी सुटली. म्हणजे बावीस वर्षं या मार्गावर आरपार गाडीच नव्हती. सकाळी मला जाग आली तेव्हा लेक बाहेरच्या बोळात खिडकीला नाक लावून उभी होती, हातातल्या फोनवर नकाशा उघडा, त्यावर निळा ठिपका सरकतोय. डोंग हा स्टेशनाच्या थोडं अलीकडे ‘आई, आता!’ म्हणून तिनं माझा दंड धरला. लोखंडी पुलाचा खडखडाट झाला, खाली मातकट पाणी, काठावर भाताची खाचरं, आणि संपलं. ‘एवढीशी?’ ती म्हणाली. नंतर बराच वेळ ती गप्प होती. विमानातून ही नदी दिसली नसती, ताई. गाडीचा आग्रह धरला तो यासाठी.

सगळं गोडच होतं असं नाही. हुएला राजवाड्यात भर दुपारी मी तिला तीन तास फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रात्रीच्या प्रवासानंतरचा दिवस या वयाच्या मुलांना झोपायला मोकळा द्यायलाच हवा. तोही बदल लेखात करते.

आता तुमच्या दिवाळीच्या बेताबद्दल. गाडीच्या भीतीनं नव्हे, पावसामुळे तो बेत पुढे ढकला. मध्य व्हिएतनामचा मोठा पाऊस ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर हुए पाण्याखाली गेलं होतं, गाड्याही खोळंबल्या होत्या. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. मे महिन्यात ऊन कडक असतं, पण शाळेच्या सुट्टीमुळे तोच सोयीचा असेल तर सकाळची गाडी धरा. हुए–दा नांग जेमतेम शंभर किलोमीटर आणि तीनएक तास. हाय वान घाटात खंडाळ्यासारखेच बोगदे लागतात, फक्त दरीच्या जागी थेट समुद्र. मोटारींसाठी २००५ मध्ये डोंगरातून बोगदा काढला, रेल्वे अजून कड्याच्या कडेनंच जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, तेव्हा मुलासाठी डावीकडची खिडकी घ्या. मार्च २०२४ मध्ये खास या टप्प्यासाठी एक पर्यटन गाडी सुरू झाली, ती लांग को स्टेशनवर थोडा वेळ थांबते. तिचं तिकीट पाचशे रुपयांच्या आसपास आहे.

होई आनला स्टेशन नाही, दा नांगहून तीस किलोमीटर टॅक्सी करावी लागते. ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, मुलाचा वेगळा. फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं भरा. आणि त्याआधी मुलाचा पासपोर्ट काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि प्रवासाच्या दिवशी तो निदान सहा महिने शिल्लक लागतो. आमचा चारच महिने उरला होता. फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या तोंडावर, लेकीला घेऊन नूतनीकरणासाठी पासपोर्ट केंद्रात जावं लागलं.