दोन खिळे आणि एका लिंबावर मोबाइल चार्ज होत नाही

"लिंबात दोन खिळे टोचा, चार्जरची वायर जोडा, मोबाइल फुकटात फुल्ल चार्ज. लिंबू नंतर सरबताला वापरा." आठवडाभर हा व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्या पाचवीतल्या लेकीने तो बघून घरातल्या चार लिंबांना खिळे टोचले. काहीच झालं नाही, तेव्हा "मलाच जमत नाही" म्हणत रडवेली झाली. चूक तिची नव्हती, म्हणून हे लिहितेय.

आधी खिळे. व्हिडिओत दोन्ही लोखंडी दिसतात. एकाच धातूचे दोन खिळे कशातही खुपसा, व्होल्टेज मिळत नाही. धातू दोन वेगळे हवेत: पत्र्याला मारतात तो जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याच्या जाड तारेचा तुकडा. ते एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत.

"लिंबात वीज असते" हेही खरं नाही. वीज मिळते ती जस्त झिजतं त्यातून. जस्त आम्लात विरघळताना इलेक्ट्रॉन मागे ठेवतं, ते तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे रसातला हायड्रोजन ते घेतो. लिंबू नुसता मधला आंबट ओलावा पुरवतं. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जगापुढे मांडलेल्या बॅटरीत फळ नव्हतंच; चांदी नि जस्ताच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे होते. आम्ही वाटीभर चिंचेच्या कोळात खिळा नि तार बुडवली, तर मल्टीमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर) जवळजवळ लिंबाइतकाच आकडा आला.

आता चार्जिंग. आमच्या लिंबाने ०.९४ व्होल्ट दाखवले. मग सहा लिंबं ओळीने जोडली की झाले ना पाच व्होल्ट? व्होल्ट होतात, पुरेसा करंट येत नाही. साधा चार्जर ५ व्होल्टला १ अँपिअर देतो, म्हणजे ५ वॅट. लिंबातून मुश्किलीने १ मिलिअँपिअर निघतो, तोही दोन्ही टोकं थेट जोडली तर. कामाला जुंपलं की हातात पडतात साधारण ०.२ मिलिवॅट. एक वॅट म्हणजे हजार मिलिवॅट; भागाकार करा: पंचवीस हजार लिंबं! आणि तीही थोड्या वेळात मंदावणार.

मग होतं काय? लाल एलईडी, म्हणजे दोन तारांच्या पायांचा इवलासा दिवा, पेटतो. लिंबं हाताखाली दाबून लोळवायची, म्हणजे आतल्या फोडी फुटून रस सुटतो. एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला, अशी चार लिंबं जोडायची. एलईडीचा लांब पाय शेवटच्या मोकळ्या तारेला, आखूड पाय मोकळ्या खिळ्याला. आम्ही खोलीचा दिवा घालवला, खिडकीला चादर लावली आणि तो लाल ठिपका दिसला. लेकीने श्वास रोखून धरला होता.

राहिलं सरबत. ते अजिबात नको. रसात जस्त उतरलेलं असतं, त्याने पोटात मळमळतं, उलट्या होतात. आमची चारही लिंबं कचऱ्यात गेली.